गिरजामावशीची नसलेली लसूण

जामनगर,
८ मार्च १९९७

प्रिय आये,

मी बरा हाय. अनिता हे वाचून दाखवील तेव्हा मधेच चुलीकडं उठून जाऊ नको गो, पुरतं ऐक.

इथं साईटवरच्या मेसचा बाजार आता मीच करतो. परवा लसूण घेताना एकेक गड्डा तळहातावर जोखला, बुडाशी अंगठा दाबला. दबला की आत पोकळ. सालीखाली काळी पूड नायतर हिरवा कोंब दिसला की बाजूला. दुकानदार म्हणाला, भाई, लसूण घेतोस की नाडी बघतोस? सगळे हसले. मीपण हसलो, मग तू आठवलीस. पेणच्या बाजारात तू अशीच दहा दाबून पाच घ्यायचीस आणि मी लाजून लांब चपलांच्या दुकानापाशी उभा राहायचो.

चार वर्षांमागं वर्षभराची लसूण आणायला मला एकट्यालाच पाठवलंस. गिरजामावशीच्या पाटीतलीच घे म्हणालीस. तीपण म्हणाली, बस रं धनेश, बघून घे, नायतर तुझी आय माझा जीव खाईल. पण मला रोह्याला कबड्डीचे सामने बघायचे होते. तिला आलोच म्हणालो आणि एसटी स्टँडावर एका हातगाडीवाल्याची बांधलेली जुडी उचलली. एक गड्डा दाबून पाहिला नाय.

घरी तू जुडी सोडलीस. वरचे दोन गड्डे गच्च, आत नुसती टरफलं. कुणाकडची, विचारलंस. गिरजामावशीची, म्हणालो.

पुढच्या बाजारला तू ती जुडी तिच्या पाटीत फेकलीस. माझ्या पोराला फसवतेस गो, लाज नाय? मी तुझ्या मागंच होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती लसूण तिची नाय हे तिला कळलं होतं, तरी माझं नाव घेतलं नाय. तू म्हणालीस, बघ कशी गप बसली.

एका मिठागरात सोबतीनं राबलेल्या तुम्ही दोघी, आता बांधावर भेटलात तरी तोंड फिरवता. मी कामासाठी लांब आलो असं तू सांगतेस. पण त्या बांधावर मलापण तिच्यासमोरून जाववत नव्हतं.

अनितानं कळवलं, तिच्या लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या, फक्त मावशीला दिली नाय. म्हणून लिहितोय. एका पत्रिकेवर मावशीचं नाव अनिताकडून आजच घालून घे. हळदीच्या आदल्या दिवशी येतो. ती पत्रिका घेऊन मीच तिच्या दारी जाईन आणि खरं सांगेन. तू बरोबर येशील का, ते तूच ठरव.

तुझाच,
धनेश