सगळे आलेत, सोड होडी

दादा,

होडीचा बेत तुझाच होता. आईच्या सत्तरीला शाओशिंगच्या जुन्या नदीतून काळ्या छताच्या होडीत फिरायचं, हे तूच ठरवलंस. अशाच होडीतून ती नवरी होऊन या गावात आली होती. तारीखही तुझ्याच सोयीनं सारखी बदलली.

त्या दिवशी आई निळं रेशमी जाकीट घालून घाटावर उभी होती. डब्यात तुझ्या आवडीचे बडीशेपेत शिजवलेले वाल होते. तेवढ्यात तुझा फोन, "साहेबांचे पाहुणे आलेत गं. तुम्ही जाऊन या. होडी काय पळून जातेय?"

होडी नाही रे पळत, पण आई थकत चाललीय!

नावाड्यानं विचारलं, "आजी, अजून कोणी यायचंय ना?"

आई म्हणाली, "नाही बाबा. सगळे आलेत. सोड होडी."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आणि संध्याकाळी तू घरच्या ग्रुपवर फोटो टाकलास! हांगचौच्या तलावात, नावेत, पाहुण्यांबरोबर खिदळताना. लाज कशी नाही वाटली? मी फोन लपवत होते, पण आईनं तो ओढून घेतला. फोटो मोठा करून बघत राहिली.

"वाऱ्यात बसलाय, गळ्यात मफलर नाही," ती म्हणाली. "वेईरोंग, त्याला काही बोलायचं नाही हं."

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. आई बाहेर लोकर गुंडाळतेय. तुझ्यासाठी.

आज फक्त आईची,
वेईरोंग