तान्ह्या पोळ्याचे सात बैल

तीर्थरूप बंडूजी मामाजी,

कुंदनचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडं सुरतले मजेत आहो. मामीजीचा गुडघा आता कसा आहे, कळवजा. फोन काऊन नाई केला म्हणाल, तर चालू केला की आपल्या तळेगावचे चिंधूभाऊ शिव्या देते. म्हणून पत्र.

मागच्या वर्षी गावातल्या सात घरांकडून पोरांच्या तान्ह्या पोळ्याले लाकडी बैल करून देतो म्हणून मी पैसे घेतले, हे तुमाले माहीतच आहे. माझा विचार सरळ होता. मी इथं मशिनी भरायचे लाकडी खोके ठोकतो. ज्याले खोका जमते त्याले बैल काऊन नाई जमणार? मामाजी, नाई जमत. खोक्याले वशिंड नसते, अन् खोक्याकडे पाहून कोणी विचारत नाई का हे काय आहे. माझा पहिला बैल पाहून सोबतचा गडी म्हणाला, "डुक्कर छान झालं!" तवापासून मी हात आखडला, अन् पोळा जवळ आला तसा फोनही बंद केला. चिंधूभाऊचा पोरगा गजेंद्र विटेले दोरी बांधून पोरांच्या रांगेत उभा राह्यला म्हणे. (त्याले बक्षीस भेटलं, ते मात्र चिंधूभाऊ सांगत नाई.)

आता ते ठाण्यात जातो म्हणून राह्यले. अन् या पोळ्याले मेघाच्या घरचे आमचं लग्न पक्कं कराले येणार आहेत! दारात पोलीस दिसला तर सोयरे चहालेही थांबायचे नाईत.

म्हणून इथल्या एका वकिलाले विचारलं. हिंगणघाटचेच आहेत. (फी म्हणून त्यांच्या टेबलाचा पाय ठोकून दिला.) ते म्हणाले, "पैसे घेतानाच माल द्यायचा नाही असं मनात असेल, तर ती फसवणूक, गुन्हा. द्यायचा होता पण जमला नाही, तर माल दे, नाहीतर पैसे परत कर." मी खुश! म्हटलं, साहेब, माझ्या मनात तर सातही बैल चरत होते. ते म्हणाले, "मन कोर्टाला दिसत नाही. लोकांचे फोन उचलले का?" मी टेबलाचा दुसरा पाय ठोकाले घेतला.

पैसे खोलीच्या भाड्यात गेले, म्हणून महिनाभर बसून बैलच केले. पार्सल काल निघालं. सगळ्यांना नमस्कार.

तुमचा भाचा,
कुंदन

ता. क. पार्सल तुमच्या नावानं आहे. पोळ्यात बक्षीस तुम्हीच ठरवता, म्हणून पाया पडून सांगतो: खोलाल तवा गाव काही बोलायच्या आधी जोरात "वा, काय बैल!" म्हणजा. तुम्ही एकदा बैल म्हटलं का मग दुसरं काही म्हणायची कोणाची हिंमत नाई.

आणखी ता. क. पार्सलात सहाच आहेत. सातवा तुमच्या नातवाचा, अंकितचा. त्याचा बैल अजून झाडातच आहे. घरचं पोरगं आहे, ठाण्यात नाई जायचं.