पागेची लाकडं

रवि. ४ एप्रिल १९५४
आमच्या शाळेची जुनी पागा पाडायची. घोडे केव्हाच गेले. आता तिथे प्रयोगशाळा. लाकूड सागवानी, अजून खणखणीत. ते नेसरीच्या शाळेला द्यायचे आणि जूनपूर्वी तिथे वर्गासाठी जसेच्या तसे उभे करायचे. सुचवले मीच. नेसरी माझे गाव. मुलांसाठी सुचवले, की गावात नाव व्हावे म्हणून? दोन्ही असेल. पाडणारा शोधायचे कामही साहजिकच माझ्या गळ्यात.

मंगळ. ६
दोघे आले. पहिले गृहस्थ छापील कार्ड घेऊन. "चार दिवसांत मैदान करून देतो." आणि लाकूड? "लाकडाचं काय एवढं."
दुसरा शिदू मिस्त्री, कसबा बावड्याचा. पूर्वीच्या कामाचा दाखला मागितला.
"उतरवल्यालं दाखवू कसं, सर? तितं काय न्हाईच की आता."
हसू आले. पण दाखल्याशिवाय काम द्यायचे कसे?

गुरु. ८
शिदूने दाखला दाखवलाच. शुक्रवार पेठेत एका आजींकडे नेले. शेजारचे घर त्याने उतरवलेले; मधली भिंत दोघांची. आजींनी भिंतीतल्या फळीवरची लोणच्याची बरणी दाखवली.
"ह्यो पलीकडं घर मोडत हुता आन् मी हितं भाकरी थापत हुते. बरणी हालली न्हाई बघा. घ्या की पावणं, खाऊन बघा."
खाल्ले. ही लाच झाली का? काम शिदूला दिले.

सोम. १२
त्याची रीत: शेवटी चढले ते आधी उतरवायचे. कौले, वासे, तुळया, मग खांब. 'पाडतो' कधी म्हणत नाही.

गुरु. १५
पागा उतरली. एकच कौल फुटले, तेही माझ्या पायाखाली. लाकडांवर धूळ, चुन्याचे शिंतोडे. गावाला असे कसे पाठवायचे? शिदू जेवायला गेला तेवढ्यात शिपायाकडून सगळे घासून धुऊन घेतले. फार बरे वाटले.

तीच, संध्याकाळ
शिदू परत आला, लाकडांकडे बघत खाली बसला. "सर, माझ्या खुणा कुटं गेल्या?"
ते शिंतोडे नव्हते. कुठली तुळई कुठल्या खांबावर, त्याचे ठिपके होते. 'शिपायाने धुतले' असे ओठांवर आले. खरेच होते, पण खरे नव्हते. म्हटले, "मीच धुवायला लावली."
उठून एक तुळई उलटून पाहिली. मग, "बी.ए. झालायसा न्हवं?"
"झालोय."
"मग दाखला हाय तुमच्याकडं."
गडी खो खो हसले. शेवटी मीही.
सौ. म्हणते, आता नेसरीला जाऊन लाकडं उचला.

रवि. २५, नेसरी
उचलतो आहे. एकेक तुळई खाचेला लावून बघायची, नाही बसली की दुसरी. शिदू वरून ओरडतो, "ही तुळई मास्तरासारकी हाय. कुटंच बसंना." सबंध गाव बघायला. खांदे सोलले, मजेत आहे.

शनि. १ मे
उभी राहिली. शिदूने प्रत्येक खांब हलवून पाहिला. हलत नाही. मुलांनी आत्ताच तुळयांच्या सावलीत गोट्या मांडल्या.
पण एक तुळई उरली. आणि रिकामी खाच कुठेच नाही.
शिदू दोन फेऱ्या मारून आला. "उरायला नगो हुती. पागेतच जादा असंल. असंल म्हंतोय, हाय म्हनत न्हाई." मग, "कौलं चढवू, का परत उतरवू? बसणार तुमच्या गावची पोरं. तुमी सांगा."
उद्या सांगतो म्हटले. तुळई आमच्या ओसरीवर आणून ठेवली आहे. तिच्यावरच बसून हे लिहितो आहे.