नांदगावचा होकार

३ फेब्रु.
आज सगळ्यांसमोर सर म्हणाले, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर मध्येच झोपतं का?" शेजारची स्नेहल हसली. कंपनी सरांची, हसावंच लागतं.
काम डायलिसिसच्या नंबरांचं. मशीन नाशिकच्या दवाखान्यात. नंबर नाशिक, नांदगाव आणि देवळाली कॅम्प, तिन्हीकडून लागतात. तिन्ही कॉम्प्युटरनी एकमेकांना विचारायचं, सगळ्यांचा होकार आला की नंबर पक्का. नांदगावचं नेट रडतं. उत्तर आलं नाही तर ते बंद पडलंय की नुसतं हळू चाललंय, हे इथे बसून कळूच शकत नाही. म्हणून मी थांबायला लावलंय.
सर: "पाच सेकंद. नाही आलं तर मेलं समजायचं."

५ फेब्रु.
पुन्हा सांगितलं. मेलं समजलो आणि जिवंत निघालं, तर एका मशीनवर दोन पेशंट. सर: "तुला घाबरायला ठेवलंय का इथे?" आणि माझ्याच लॅपटॉपवर स्नेहलला बसवून बदल करून घेतला. मी शेजारी उभी. बदलाखाली नाव माझं.

९ फेब्रु.
झालं.
पार्वताबाई, नांदगावच्या. तिथून नंबर लागला, पण होकार पाच सेकंद उलटल्यावर पोचला. तोवर नांदगाव मेलं समजून तीच मशीन कॅम्पातल्या एका रिटायर्ड फौजीला दिलेली. दोघं आले. फौजी आधी पोचले, त्यांना जोडलं. बाईंना "उद्या या." परतीच्या वाटेवर, मनमाडच्या अलीकडे, गाडीतच गेल्या.
सर म्हणाले, "परत आपण पाठवलं का? दवाखान्यानं पाठवलं." आणि डबा उघडला. सगळ्यांना भेंडी वाढली. मलाही.

११ फेब्रु.
त्यांचा मुलगा आला. सरांनी थेट माझ्या टेबलाशी आणून उभा केला. "हिचं काम. नाव बघा." स्नेहल स्क्रीनकडे बघत राहिली.
मी म्हटलं, दादा, मी यांना आधीच सांगितलं होतं.
"म्हंजी तुमाला म्हाईत व्हतं, ताई?"
हो.
"मंग आमाला एक फोन नाय केला कोनी."
आवाज चढला नाही त्याचा. ओरडला असता तर... पाणी प्यायला, गेला.
सर: "बघ, मिटलं. उगाच रडतेस."

१२ फेब्रु.
स्नेहल जिन्यात भेटली. "माझं लग्न ठरलंय गं. तुझंच नाव राहू दे. तुझ्यामागे तसंही कोण आहे?"
बरं म्हटलं.

१४ फेब्रु.
उद्या हरसूल जोडायचं. तेच पाच सेकंद. डोंगरातलं नेट, नांदगावहून वाईट. काम मलाच. "आता तुझा हात बसलाय," सर म्हणाले, आणि स्नेहलसकट सगळे हसले.
दुपारी हरसूलच्या दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला. लगेच उचलला त्यांनी. "बोला ना मॅडम, उद्या चालू होतंय ना? लय लोकं वाट बघतात."
सर दारात येऊन उभे राहिले होते.
म्हटलं, सिस्टर, ऐका, नंबर लागला तरी आधी नाशिकला एक फोन करून विचारा, मगच पेशंट पाठवा.