तुझी नात सोमवारी ड्यूटीवर जायचं म्हणते

आई, तुझी नात पोलिसात आहे. तुला हे माहीत असायचं कारण नाही, ती जन्मली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही मेलबर्नच्या कडेला, वेरिबीला राहतो आणि ती इकडच्याच एका ठाण्यात कॉन्स्टेबल आहे. गेल्या महिन्यात नवरा बायकोला मारतोय असा फोन आला म्हणून ती एका घरी गेली, तर दारामागे लपलेल्या त्या माणसाने तिच्या तोंडावर हातोडी मारली. गालाचं हाड मोडलं, डोळा थोडक्यात वाचला. आता हाड जुळलंय आणि सोमवारी तिला परत ड्यूटीवर जायचंय. मला तिला जाऊ द्यायचं नाहीये. माझं डोकं चालेनासं झालंय आई, आणि यातलं कळणारं माणूस माझ्या ओळखीत तू एकटीच होतीस. हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणूनच लिहायला जमतंय.

आपल्या गावात पोलिसात पहिल्यांदा बायका घेतल्या, त्या चौघींतली तू एक. खाकी साडी, पदराला पिन, पायात पुरुषांच्या मापाचे बूट आणि त्यांच्या टोकात कोंबलेला कापूस. तुमचं करायचं काय, हेच खात्याला कळत नव्हतं. बाईची झडती घ्यायची असली, हरवलेलं पोर सांभाळायचं असलं, बेवारस बाईच्या प्रेताशेजारी बसायचं असलं, की तुम्हाला हाक. फौजदारसाहेब एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही आलात तेव्हा वाटलं, आता ठाण्यात घरच्यासारखा चहा मिळेल." तू म्हणालीस, "साहेब, घरी चहा आमचे मिस्टर करतात." हे तू स्वयंपाकघरात सांगत होतीस तेव्हा अण्णा चहाच गाळत होते, आणि हसण्याच्या नादात त्यांनी अर्धा ओट्यावर सांडला. पोलिस लाइनीत त्यांना हवालदारीणबाईंचे मिस्टर म्हणून चिडवायचे. त्यांना ते आवडायचं.

पण त्या ठाण्यात बायकांसाठी संडास नव्हता. मला अजून दिसतं, तू ड्यूटीला निघतेस, अर्धा कप चहा घेतेस, आणि मग घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. विसर्जनाचा बंदोबस्त असो नाहीतर भर मे महिन्यातली सभा. आल्यावर बूटसुद्धा न काढता माठापाशी उभी राहून तांब्यामागून तांब्या रिचवतेस. मी बाटली भरून दिली तर माझ्यावरच खेकसतेस, "प्यायले तर जाऊ कुठे? साहेबांच्या घरी?" तुला लघवीला आग व्हायची, ताप भरायचा, कंबर धरून चालायचीस. एकदा परेडला चक्कर येऊन पडलीस, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदारसाहेब स्वतः आपल्या दारात. तू आत पांघरुणात कुडकुडत होतीस. अण्णांना तू आधीच बजावून ठेवलं होतंस, "आजारी आहे म्हणालात तर आम्हा चौघींचं नाव खराब होईल. म्हणतील, बायकांना घेतलंच कशाला." अण्णा उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "काही नाही साहेब, पित्त झालंय. उद्या येतील त्या." आणि तू गेलीसही. मी बारावीत असताना तुझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तू गेलीस. अण्णांनी त्या सकाळचा विषय पुढे कधीच काढला नाही.

तुझी नात वरवर ठीक दिसते. पण शेजारच्यांच्या गॅरेजचं दार वाजलं तरी भिंतीला पाठ लावून उभी राहते. घरातलं एकही दार तिला लावलेलं चालत नाही, बाथरूमचंसुद्धा. काल ती पोळ्या लाटत होती आणि मी तिच्या मागे फ्रिज उघडला, तर लाटणं टाकून ती खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. मग उठली आणि म्हणाली, "सॉरी आई. आय ॲम फाइन." मी म्हटलं, हे डॉक्टरला सांग. तर म्हणाली, "आई, आमच्या स्टेशनला इंडियन मुलगी मी एकटीच आहे. आत्ता घरी बसले ना, तर सगळे म्हणतील शी कुडन्ट हॅक इट, झेपलं नाही हिला. पुढच्या मुलीला पण तेच ऐकावं लागेल. उद्या आमच्या खात्यातल्या वेल्फेअरवाल्या बाईचा फोन येईल तुला, मीच नंबर दिलाय. ती ओके आहे एवढंच सांग. प्लीज आई." तुझंच तोंड, आई, आणि तुझंच बोलणं. मी हो म्हटलं.

फोन आज दुपारी आला. ती जिमला गेली होती. बाई मायाळू होती, मी गप्प झाले की म्हणायची, "नो वरीज, टेक युअर टाइम." मी सगळं सांगितलं, गॅरेजचं, दारांचं, कालच्या लाटण्याचं. मला वाटलं, तिला थांबवायला एवढं पुरेल. बाई म्हणाली, अशा प्रसंगानंतर हे बऱ्याच जणांना होतं, समुपदेशन सुरू ठेवून हळूहळू कामावर घेता येईल, सोमवारपासूनच बघू. तिने विचारलं, आणखी काही सांगायचंय का? मी म्हटलं, तिचा उजवा हात थरथरतो. साधा चहाचा कप धरता येत नाही तिला.

इथे पोलिसांच्या कमरेला पिस्तूल असतं, आई. बाई म्हणाली, सोमवारचं तूर्त विसरा. आता तपासण्या होतील आणि ही गोष्ट खात्यात तिच्या नावाला चिकटून राहील, कदाचित कायमची. ती जिमहून आत्ता आली, फोन आला का विचारलं, आला म्हटल्यावर मला मिठी मारून आंघोळीला गेली. पाण्याचा आवाज येतोय. बाहेर आली की तिला सांगावं लागेल, आणि ती परत माझ्याशी बोलेल की नाही मला माहीत नाही. तिचा हात ठणठणीत आहे, आई. थरथरत होता तो फोन धरलेला माझा.