सहलीतला पाचवा दिवस

अश्केलोन
१४ मार्च १९७६

प्रिय रुबीताईस,

सोफीचा शालोम. तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तिकिटांची व्यवस्था झाली हे वाचल्यावर येहेझकेलनं लगेच पाहुण्यांची गादी उन्हात घातली. मे महिन्याला अजून अवकाश आहे म्हटलं, तर माझा हा नवरा म्हणाला, "तुझी बहीण आहे. सांगितल्याच्या आधी येईल." आम्ही सगळे ठीक आहोत. आमच्या लेकीची, पाझितची परीक्षा चालू आहे. मी मराठीत विचारते, ती हिब्रूत उत्तर देते, आणि भांडण झालं की दोघी आपापल्या भाषेत भांडतो. शेजारची मझल भिंतीला कान लावते, पण तिच्या हाती अर्धंच भांडण लागतं.

मोझेसभावजींचा गुडघा कसा आहे? आमसुलं आणि पापड पोचले.

तू विचारलंयस, एक आठवडा उत्तरेकडे फिरायचं तर काय काय बघावं. बसचे नंबर मी वेगळ्या कागदावर लिहीन.

पहिल्या दिवशी तिबेरिया. किन्नेरेतचं तळं. सकाळी ताटात पाणी ठेवल्यासारखं असतं, दुपारनंतर वारा सुटला की रेवदंड्याच्या खाडीसारखं उसळतं. होडीत बसायचं तर सकाळीच बसा. मासे मिळतात, तळलेले, पण मसाल्याच्या नावानं लिंबाची फोड. तिखटाची पुडी बरोबर घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथलेच गरम झरे, भावजींच्या गुडघ्यासाठी. मग त्स्फात. गाव डोंगरावर आहे, दारं निळ्या रंगाची, गल्ल्या म्हणजे नुसते जिने. भावजींना वरच्या चौकात बाकावर बसव आणि तू एकटी उतर.

तिसऱ्या दिवशी बानियास. डोंगराच्या पोटातून पाणी निघतं. पाय घातलास तर हाडापर्यंत गार होतील. अंजिराची झाडं आहेत. सावली बघून डबा तिथेच खा.

चौथा दिवस अक्को. बाजारात मसाल्यांची पोती उघडी ठेवलेली असतात, वासानं तुला भायखळा आठवेल. समुद्राच्या तटावर संध्याकाळी बसावं.

पाचवा दिवस मी रिकामा ठेवला आहे.

सहाव्या दिवशी रोश हानिक्रा. पांढरा कडा थेट समुद्रात गेलाय. तारेवरच्या झुलत्या पाळण्यातून खाली उतरवतात, आणि आत गुहांमध्ये पाणी निळं-हिरवं होऊन आदळतं. सरहद्द अगदी लागून आहे, सैनिक उभे असतात, घाबरू नकोस. शेवटी हैफा. तिथे एलियाहू हन्नाबीची गुहा आहे. आपल्या कोकणातून आलेल्या बायका नवस फेडायला तिथे मलिद्याचं ताट करतात. पोहे, गूळ, नारळ मी इथून बांधून देईन.

हे सगळं वाचून तू म्हणशील, सोफी कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी उभी असते आणि हिला उत्तरेकडच्या बसचे नंबर पाठ आहेत. हिला एवढं फिरायला कधी मिळतं?

तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी चार वेळा वाचलं. "फिरणं शेवटी ठेव. आधीचे पंधरा दिवस मी आईच्या खोलीतच, तिच्या खाटेशेजारी अंथरूण घालणार." म्हणून आज लिहायला बसले. याआधी दोन कागद फाडले. येहेझकेल म्हणाला, "लिहून टाक. रुबी काय वाघीण आहे?" त्यानं तुला कधी रागावलेलं बघितलं नाही.

ताई, आई या घरात नाही. तेरा महिने झाले. जिवंत आहे, तब्येत बरी आहे, हे आधी वाच. अक्कोच्या पुढे नहारियाजवळ म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात आहे; पाचवा दिवस त्यासाठीच रिकामा ठेवलाय. पंधरा दिवसांनी एकदा मी शुक्रवारची रजा घेऊन जाते, तीन बसा बदलून. कधी भेट लवकर आटपते. मग परतायचं धाडस होत नाही म्हणून कुठल्यातरी दुसऱ्या बसमध्ये बसते. अक्को, रोश हानिक्रा, हैफा, सगळं मी असंच एकटीनं पाहिलं. तिबेरियाला तर शब्बाथ लागून बसा बंद झाल्या म्हणून अडकले.

काय झालं ते सांगते. गेल्या वर्षीचा जानेवारी, साधा बुधवार. मी तीन वाजता कामाच्या पाळीवरून आले तर दार आतून बंद. दोन्ही कड्या घातलेल्या. हाका मारल्या. उत्तर नाही, पण आत बांगड्या वाजत होत्या. मग धुराचा वास आला. मझलच्या नवऱ्यानं खिडकीची झडप तोडली. घासलेटच्या शेगडीवर गोधडीचं टोक पडून धुमसत होतं, आणि आई पांढरं लुगडं नेसून, पदर नाकाला लावून, जमिनीवर बसली होती. मला बघून रागावली. "आज दारफळणी ना गं? सणाला दार कसं उघडू? कुणाशी बोलायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. एवढं शिकवलं ते विसरलीस?"

लहानपणी किप्पुरच्या उपासाला, म्हणजे दारफळणीला, आपण घर बंद करून बसायचो, भर जानेवारीत तेच तिच्या डोक्यात होतं. बाहेर मी आई, आई करत होते, आणि ती ऐकत होती.

त्यानंतर मी दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. तीन आठवड्यांची मिळाली.

एवढ्या लांब का, असं तू विचारशीलच. इकडचे तीन आश्रम पाहिले. स्वच्छ होते, माणसं चांगली. एका ठिकाणी आई "तहान लागली" म्हणाली, तर त्या बिचाऱ्या नर्सनं प्रेमानं शाल आणून पांघरली. मराठी कुणालाच येईना. मग कळलं, नहारियाच्या आश्रमात फ्लोरा म्हणून पेणची बाई स्वयंपाकघरात आहे. मी जवळचं सोडलं आणि भाषा घेतली. बरोबर केलं की चूक, मला अजून समजत नाही.

आई दिवसभर फ्लोराजवळ बसून लसूण सोलते आणि तिला बोलते. "कांदा असा चिरतात होय? सासरी काय सांगशील?" फ्लोराला नातवंडं आहेत. ती मान खाली घालून पुन्हा बारीक चिरते.

आता सगळ्यात अवघड. आई फ्लोराला रुबी म्हणते. पहिल्या महिन्यापासून. मी गेले की म्हणते, "रुबी, पाहुणी आलीय, चहा टाक." पाहुणी म्हणजे मी. सुरुवातीला मी सांगून पाहिलं, तेव्हा दोन दिवस जेवली नाही. मग सांगणं सोडलं. तुला पत्रात जे "आई गॅलरीत बसून तांदूळ निवडते, तुला आशीर्वाद सांगते" लिहीत आले, ते सगळं माझं रचलेलं.

इकडे यायला निघताना बंदरावर तू म्हणाली होतीस, आईला इथेच राहू दे. मी म्हणाले होते, तुझ्या दोन खोल्यांत तिला जागा कुठाय, मी सांभाळीन. ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस. दाखवलं असतंस तर बरं झालं असतं.

तू आलीस की ती तुला कोण म्हणेल, ओळखेल का, की तुझ्यासाठीही चहा टाकायला सांगेल, मला माहीत नाही. हे मी फ्लोराला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "त्या आल्या की मी चार दिवस रजा घेते. रुबीची जागा रिकामी तर राहील."

म्हणून माझं ऐकशील तर विमानतळावरून घरी येऊच नकोस. भावजींना आणि सामान येहेझकेल घरी आणील. आपण दोघी सरळ वर आईकडे जाऊ, बाकीची ठिकाणं मग बघू, किंवा नको बघू या. फक्त तुमची तिकिटं रद्द करू नकोस. रागावायचं ते इथे येऊन, तिच्यासमोर नको, बसमध्ये रागाव. चार तासांचा रस्ता आहे.

तारेनं एक शब्द कळव. पत्र आत्ताच टाकायला निघते, पाळीला जायच्या आधी. परत वाचणार नाही.

तू नाही म्हणेपर्यंत तुझी धाकटी बहीण,
सोफी