गंगेत धुतलेला फिल्टर

अप्पा, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, ती आधी ऐकून घ्या. तुम्ही मला संधी-समास शिकवलेत, अनुमानं घोकून घेतलीत, श्राद्धाला दर्भ कुठे नि कसा ठेवायचा तेही दाखवलंत. पण मोटारीचा एअर फिल्टर बसवल्यावर त्याच्या डब्याची मागची क्लिप, जिथे माणसाचा हात पोचतच नाही, ती कशी लावायची हे न सांगताच गेलात. आज दुपारी मैदागिनच्या चौकात, आपण गाडी ठेवायचो तिथेच, मी बॉनेटमध्ये डोकं घालून त्या क्लिपशी शास्त्रार्थ करत होतो. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "गुरुजी, रोज-रोज खोल के का देखत हउवा? अबहीं त नया लगउला." खरं आहे त्याचं. फिल्टर नवा आहे. तरी मी रोज उघडून बघतो.

कारण तुमची सून आजारी आहे. चहात आलं कमी घालते म्हणून तुम्ही जिला चिडवायचात, तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. घरात ऑक्सिजनचं मशीन दिवसभर घुरघुरतं. इस्पितळात न्यायचं तर आपल्या रामघाटाच्या गल्लीत गाडी येत नाही. शेजारचे दोघं तिला खुर्चीत बसवून मैदागिनपर्यंत आणतात, तिथून पुढे मी. रस्ते खणून ठेवलेत, सगळीकडे धूळ. गेल्या खेपेला परत येताना गाडी धापा टाकायला लागली आणि भर रस्त्यात बंद पडली. मागच्या सीटवर लहान सिलिंडर मांडीशी धरून ती बसलेली. म्हणाली, "अहो, हिलाही माझंच दुखणं लागलं का?" मी हसलो नाही. फिल्टर काढला, तो मातीने करडा झाला होता. फुंकला नाही, तुम्ही शिकवल्याप्रमाणे फूटपाथच्या कडेवर हलकेच आपटला. धूळ उडाली ती सरळ तिच्या खिडकीकडे गेली. काच उघडी होती. खोकत खोकत तिने आपल्या हाताने काच वर केली.

आपटायचं तुम्ही शिकवलंत, पण ते तुम्हालाही आधी कुठे माहीत होतं? ती खंडेनवमी आठवते ना? आपल्याकडे विळी, अडकित्ता, सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, आणि तुमच्या मनात येतं की गाडीच्या आत जी हवा जाते ती ज्यातून जाते, त्याला स्नान नको का? सोवळं नेसून तुम्ही मैदागिनला जाता, तो गोल कागदी फिल्टर काढता आणि केळीच्या पानावर घेऊन गल्लीतून येता. वाटेत कुणीतरी विचारतं, "पंडितजी, ई कवन देवता हउवन?" तुम्ही गंभीरपणे म्हणता, "वायू." मग रामघाटाच्या पायरीवर तुम्ही त्याला गंगेत बुडवता, आणि गच्चीवर वाळत घालता. कागदाच्या घड्या फुगून एकमेकींना चिकटतात. दसऱ्याला आई आपट्याची पानं मांडीवर घेऊन गाडीत बसते. गाडी काळा धूर सोडते, दोन आचके देते आणि गप्प. आई बाहेर बघत म्हणते, "अहो, तिला आंघोळ सोसली नाही वाटतं." मी हसतो तेव्हा तुम्ही माझ्यावर डोळे वटारता, "हसू नकोस. आत जाणारं स्वच्छ असावं, एवढंच माझं म्हणणं होतं." दुसऱ्या दिवशी नवा फिल्टर आणून तुम्ही माझ्या हातात ठेवलात, बसव म्हणालात. धुवायचा नाही, फुंकायचा नाही, हलकेच आपटायचा, हे दुकानदाराने सांगितलेलं सगळं मला असं सांगत होतात, जणू ते तुमच्या पाठशाळेत पहिल्यापासून शिकवत आले आहेत.

इथे एक उपमा अगदी हाताशी आली आहे, अप्पा, आणि मी ती देणार नाही. फिल्टर कुठे आणि तिची फुप्फुसं कुठे, इतकी स्वस्त उपमा दिली तर तुम्ही माझा कान पिळला असता. शिवाय ती खोटी आहे. फिल्टर जाम झाला की दुकानात दुसरा मिळतो. डॉक्टरांना मी विचारलं, याच्यापुढे काय? ते म्हणाले, वेग कमी करता येईल. मी त्यांना धन्यवाद दिले आणि बाहेर येऊन बराच वेळ गाडीची किल्ली भलत्याच गाडीला लावत राहिलो.

तिला वाटतं मी हल्ली पूजेपेक्षा बॉनेटच जास्त उघडतो. "देवाचं निर्माल्य तसंच पडलंय आणि तुम्ही त्या डब्याच्या मागे," असं म्हणते. तेवढं वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागतं. मी पुढचा शब्द पुरवत नाही. थांबतो.

हे पत्र लिहून झालं की घाटावर जाऊन सोडावं असं मनात होतं. पण कागद गंगेत घालू नये हे तुमच्याच कृपेने शिकलोय, म्हणून ते इथेच राहील. आणि क्लिपचं मला काही नाही, ती सुटली तरी मी सुतळीने बांधेन. मुलगा लांब आहे, फोनवर हिंदीत बोलतो, मीही हिंदीतच उत्तर देतो. गल्लीत हिंदी, पाठशाळेत संस्कृत. घरात मराठी बोलणारी आम्ही दोघंच उरलो आहोत. ती गेली तर मला अहो म्हणून हाक मारणारं कुणी नसेल, अप्पा. मला भीती वाटते.